जुन्या बिडाच्या भांड्यांची क्षारशुद्धी
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात नवेगाव बांध येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मेळाव्यात शिक्षण, शेती, विवाहातील अनिष्ट चालीरीती असे विषय दरवर्षी होतात, आणि ते व्हावयासच पाहिजेत. यंदा महिला मंडळाने मजकडे जो विषय सोपविला तो ध्वनिक्षेपकावरून जाहीर होताच पुरुषवर्गाच्या बाजूस थोडी खसखस पिकलेली मी ऐकली. तवे घासण्यावर भाषण! हसणाऱ्यांस माझी एवढीच विनंती आहे की त्यांनी अर्धा तास दम धरावा. हसण्यासारखे यात फार थोडे आहे असे त्यांच्याच ध्यानात येईल.

गेल्या काही वर्षांत आपल्या गावांतून भंगारवाल्यांच्या फेऱ्या वाढल्या आहेत. तराजू घेऊन ते दारात उभे राहतात आणि माळ्यावर किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेले बिडाचे तवे, कढया, आप्पेपात्रे मोडीच्या भावाने वजनावर घेऊन जातात. घरची सूनबाई म्हणते, "असू द्या, त्यावर इतके किटण चढले आहे की कुणाला घासवणार?" तिचे म्हणणे खोटे नाही. पण तीच सूनबाई पुढे नागपुरास गेली की दुकानाच्या काचेआड ठेवलेला नवा बिडाचा तवा पाहते आणि त्यास हजाराच्या वर रुपये मोजून घरी आणते. जो जिन्नस आजेसासूबाईंनी पन्नास वर्षे वापरून गुळगुळीत केला तो किलोच्या भावाने गेला आणि जो अद्याप खरखरीत आहे तो हौसेने आला! हा व्यवहार मला पटत नाही. शेतकऱ्याच्या घराला तर तो मुळीच शोभत नाही.

प्रथम बीड म्हणजे काय ते पाहू. लोखंडाच्या रसात शेकडा दोनपेक्षा अधिक, बहुधा तीन ते चार भाग, कर्ब राहू दिला आणि तो रस वाळूच्या साच्यात ओतला म्हणजे जे लोखंड मिळते ते बीड. ते ठोकून वाढविता येत नाही. हातोडा मारला तर वाकण्याऐवजी फुटते. आपल्या लोहाराच्या भात्यावर तयार होणारा तवा हा घडीव लोखंडाचा, तो निराळा. महाराष्ट्राच्या खेड्यांत बीड मोठ्या प्रमाणावर शिरले ते स्वयंपाकघराच्या वाटेने नव्हे, तर शेताच्या वाटेने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथून बिडाचे नांगर व उसाचे चरक गावोगाव गेले. ऊस हे तर आपल्या कोहळी समाजाचे आवडते पीक. रसेलसाहेबांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातिजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यातही आपली ओळख तलाव बांधणारे आणि ऊस पिकविणारे अशीच करून दिलेली आहे. आता, गुळाची मोठी कढई बहुधा जाड पत्र्याची व रिव्हेट मारलेली असते, ती बिडाची नव्हे. परंतु आज मी जी रीत सांगणार आहे ती बिडास, घडीव लोखंडास आणि या पत्र्याच्या कढईसही सारखीच लागू पडते.

तव्यावर जो काळा, जाड, पापुद्र्यांचा थर असतो तो लोखंडाचा नव्हे, ही गोष्ट नीट समजून घ्यावी. तो तेलाचा आहे. वर्षानुवर्षे तव्यावर पडलेले तेल उष्णतेने घट्ट होत गेले, त्यात पिठाचा जळका अंश व काजळी मिसळली आणि त्याचे कवच झाले. हे कवच पातळ, एकसारखे व चकचकीत असेल तोवर ते तव्याचे भूषणच होय. त्यालाच आपण तवा मुरला असे म्हणतो. पण वापर थांबून त्याखाली गंज धरला, किंवा थरावर थर चढून खपल्या निघू लागल्या, की तांदळाच्या आयत्यांबरोबर काळे कण ताटात येतात. मग तो तवा माळ्यावर जातो आणि माळ्यावरून तराजूत.

हे कवच काढण्याच्या ज्या दोन रीती गावात रूढ आहेत त्या दोन्ही घातक आहेत. पहिली म्हणजे तवा होळीत किंवा विटांच्या भट्टीत टाकणे. कवच जळून जाते यात शंका नाही. पण बीड एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने थंड असे तापले की ते वाकते किंवा तडकते. कोणी घाईने त्यावर पाणी ओतले तर तडकण्याचा आवाज दहा घरे ऐकतात. क्वचित तवा अखंड राहिला, तरी फार तापलेल्या लोखंडावर जो तांबूस रुक्षपणा येतो त्यावर पुढे तेल नीट धरत नाही. दुसरी रीत वेल्डिंगच्या दुकानातील फिरत्या दगडाची. तिने तवा आरशासारखा दिसतो, पण त्यावर चरे पडतात व पातळ भांडे आणखी पातळ होते. शत्रू तेल आहे, आणि आपण तलवार लोखंडावर चालवतो!

तेलाचा खरा वैरी क्षार आहे. तेल व तीव्र क्षार एकत्र आले की तेलाचे तेलपण मोडते आणि त्याचा साबण व ग्लिसरीन होते. ही क्रिया शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने सविस्तर उलगडली व १८२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. रसायनशास्त्राचा मी पंडित नव्हे. पण साबण कसा होतो हे वर्गात शिकविताना एक गोष्ट मी मुलांस नेहमी सांगत असे, की क्षार तेलाला खातो, लोखंडाला खात नाही. म्हणूनच क्षाराच्या पाण्यात तवा बुडवून ठेवला तर त्याचे कवच मऊ पडून सुटते आणि लोखंडाच्या अंगाला धक्का लागत नाही. साच्यातून निघाल्या दिवशी त्या तव्यावर जो ठसा होता तोही पुन्हा वाचता येतो.

हे ज्ञान साहेबाने आणले असे मात्र कोणी समजू नये. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकरावा अध्याय संपूर्णपणे क्षार कसा पकवावा यावर आहे. मोख्यासारख्या वृक्षांची राख करावी, ती पाण्यात कालवून एकवीस वेळा गाळावी, ते पाणी आटवावे आणि भाजलेली चुनखडी व शंख-शिंपले त्यात घालावेत, अशी ती कृती आहे. चुना घातला नाही तर होणारा क्षार मृदु, घातला तर अधिक जोरकस, असा भेदही त्यात केलेला आहे; आणि आजचे रसायनशास्त्र नेमके हेच सांगते. राखेतील पोटॅश हा सौम्य क्षार. चुन्याने त्यातील कर्बवायूचा अंश काढून घेतला की तो दाहक होतो. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राचा जो इतिहास १९०२ व १९०९ साली दोन खंडांत लिहिला त्यात या कृतीचा त्यांनी गौरव केला आहे. मला स्वतःला त्यातील एक बारीक गोष्ट फार मोलाची वाटते. तयार झालेला क्षार तोंड झाकलेल्या लोखंडी घड्यात ठेवावा, असे तेथे सांगितले आहे. क्षार लोखंडाला खात नाही हे त्या वैद्यांस पुरते ठाऊक होते.

सुश्रुताने क्षारासाठी जी झाडे सांगितली त्यांत पळस, बेहडा आणि बहावा हेही आहेत. नवेगावच्या जंगलाशेजारी राहणाऱ्यांस त्यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. आपल्या आज्या चुलीतील राखेच्या पाण्यात तेलकट भांडी उकळीत, परीट बांधव भट्टी लावून कपड्यांचा मळ काढीत, ते याच तत्त्वावर. येथे एक गैरसमज दूर करतो. गोंदियाच्या तांदळाच्या गिरण्यांत तुसाची राख हवी तेवढी मिळते, म्हणून ती क्षारासाठी आणावी असे कित्येकांच्या मनात येते. तुसाची राख बहुतांशी वाळूच्या जातीची, म्हणजे सिलिका असते. तिच्यात क्षार नाममात्र. ती घासण्यास उत्तम, पण तिच्या पाण्याने तेल सुटणार नाही. तणसाचीही बव्हंशी तीच कथा. क्षारासाठी कठीण लाकडाची पांढरी, पूर्ण जळालेली राखच पाहिजे.

राखेची रीत अशी. एका लोखंडी पातेल्यात किंवा जुन्या कढईत एक भाग चाळलेली राख व तीन-चार भाग पाणी घ्यावे, तवा त्यात बुडवावा आणि मंद आचेवर दोन-तीन तास उकळावे. पाणी आटेल तसे वाढवावे. दुसऱ्या दिवशी नारळाच्या काथ्याने घासून पुन्हा तसेच करावे. कवच पातळ असेल तर तीन-चार दिवसांत तवा मोकळा होतो. या पाण्यानेही हाताची कातडी सोलते व डोळ्यांस इजा होते, हे विसरू नये. राख घरची म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही.

तीस-चाळीस वर्षांचे कवच मात्र राखेला दाद देत नाही. त्यास कॉस्टिक सोडा लागतो. हा धुण्याचा सोडा नव्हे व खाण्याचा सोडा तर नव्हेच नव्हे. दुकानदार नुसते 'सोडा द्या' म्हटले तर काहीही बांधून देतो, म्हणून वेष्टनावरील नाव वाचून घ्यावे. वीस लिटर पाण्यास अर्धा किलो हे प्रमाण पुरेसे आहे. त्याहून अधिक घातल्याने काम फार लवकर होते असे नाही, धोका मात्र वाढतो.

पिंप जाड प्लास्टिकचे, घट्ट झाकणाचे असावे आणि ते घराबाहेर, सावलीत, मुले व गुरे पोहोचणार नाहीत अशा ठिकाणी ठेवावे. त्यात आधी थंड पाणी भरावे आणि मग कॉस्टिक सोडा थोडा थोडा सोडून लाकडी काठीने ढवळावा. आधी पाणी, मग सोडा. हा क्रम उलटा होता कामा नये. सोड्यावर पाणी ओतले तर एकाएकी इतकी उष्णता निर्माण होते की ते मिश्रण उसळून तोंडावर उडते. योग्य क्रमानेसुद्धा पाणी थोडे तापते. म्हणून ते निवेपर्यंत थांबावे. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, डोळ्यांस बाजूने बंद असलेला चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचे जुने कपडे आणि पायांत बूट, एवढी तयारी नसेल त्याने या वाटेस जाऊच नये. चप्पल चालणार नाही. भर उन्हाळ्यात उकडते म्हणून मोजे काढून ठेवणारे लोक मला ठाऊक आहेत, त्यांच्यासाठी हे पुन्हा सांगतो.

तव्यास लाकडी मूठ असेल तर ती आधी काढावी. मग लोखंडी तारेने बांधून तवा हळूच आत सोडावा, वरून टाकू नये. पाणी तव्याच्या चार बोटे वर असावे. उन्हाळ्यात तीन-चार दिवस, पौषातल्या थंडीत आठ-दहा दिवस लागतात, कारण थंडीत क्षाराचे काम मंदावते. मधून काढून पाहावे. कवच शेवाळासारखे मऊ होऊन बोळ्याबरोबर निघते. राहिलेल्यासाठी तवा पुन्हा पिंपात. घाई कोणाची नाही. क्षाराला रात्रंदिवस एकट्याने काम करू द्यावे, ही या रीतीतली खरी सोय आहे. ज्या भगिनी तवा घासता घासता खांदे दुखवून घेतात त्यांना मी हेच सांगतो की श्रम त्यांनी करावयाचे नाहीत, वाट तेवढी पाहावयाची.

आता ज्याकरिता मी हा विषय स्वीकारला ती गोष्ट. कॉस्टिक सोड्याचे पांढरे पापुद्रे व गोळ्या दिसावयास साखरेच्या किंवा साबुदाण्याच्या जातीच्या. लहान मुलाने त्यातले चिमूटभर तोंडात टाकले तर त्याची अन्ननलिका भाजते आणि पुढे जन्मभर त्याला घास गिळता येत नाही. हे मी भय घालण्यासाठी सांगत नाही, असे घडते. म्हणून उरलेला सोडा डब्यात, कुलपात ठेवावा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत क्षाराचे पाणी भरून ठेवणे हा तर गुन्हाच समजावा. कातडीवर उडाले तर कपडे काढून वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावे. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ पाणी सोडीत राहावे आणि तडक रुग्णालय गाठावे. क्षाराने होणारा दाह आंबट द्रव्याने शमतो असे सुश्रुत सांगतो व रसायनाच्या दृष्टीने ते खरेही आहे. पण आजचे डॉक्टर भाजल्या जागी लिंबू किंवा ताक ओतू नका, केवळ भरपूर पाणी वापरा असे सांगतात आणि या बाबतीत आपण त्यांचेच ऐकावे. पोटात गेले असेल तर उलटी करवू नये. वर येताना तो क्षार दुसऱ्यांदा भाजतो.

काही भांडी या पिंपात कदापि घालू नयेत. ज्याला आपण जर्मनचे भांडे म्हणतो ते म्हणजे ॲल्युमिनियम. क्षार त्याला डोळ्यांदेखत खातो आणि त्यातून निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीने पेट घेतो. कल्हई केलेली पितळी भांडीही नकोत, कारण कथील क्षारात विरघळते. जस्ताचा मुलामा दिलेली बादली पिंपाऐवजी वापरावयाची नाही. आणि एक तवा असा आहे की जो स्वच्छ करण्याचा प्रयत्नच करू नये. तलावाकाठच्या गावांत मासेमारीच्या जाळ्यासाठी किंवा गळासाठी शिसे वितळविण्यास कोणी जुने बिडाचे भांडे वापरलेले असू शकते. शिसे हे मंद विष आहे, मुलांच्या मेंदूवर ते परिणाम करते आणि क्षाराने ते जात नाही. ज्या भांड्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही व ज्याच्या तळाशी करड्या धातूचे थेंब चिकटलेले दिसतात, ते खुशाल मोडीत घालावे. वाडवडिलांचे म्हणून सगळेच ठेवावे असा माझा आग्रह नाही.

क्षार तेल काढतो, गंज काढीत नाही. पिंपातून निघालेला तवा करडा दिसेल आणि जागोजाग तांबूस डाग असतील. तो भरपूर पाण्याने धुऊन मग चिंचेच्या दाट कोळात किंवा निम्म्या पाण्याच्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवावा व घासावा. अर्ध्या तासाहून अधिक नको, कारण आंबट पदार्थ गंज संपला की लोखंडालाच हात घालतो. घासण्यासाठी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी चांगली. नंतर धुऊन लगेच चुलीवर ठेवावा. ओला तवा पाच मिनिटे ठेवला तर नजरेसमोर पुन्हा तांबूस होतो, इतके ते उघडे लोखंड हळवे असते.

आणि येथे आपल्या भागाचे भाग्य. धानाच्या बांधीत पाणी ओसरू लागले की आपण ओलीवर लाखोळी आणि जवस टाकतो. त्या जवसाचे तेल हे सुकणारे तेल आहे. चित्रकार रंगात तेच कालवितात. हवेने व उष्णतेने ते घट्ट होऊन त्याचा पातळ, कठीण पापुद्रा बनतो. कोमट तव्यास, आतून, बाहेरून, मुठीला, कडेला, जवसाच्या तेलाचे बोट फिरवावे आणि मग कोरड्या फडक्याने असे पुसून काढावे, की जणू तेल लावणे ही चूकच होती. जे दिसत नाही तेवढेच राहिले पाहिजे. नंतर तवा धूर निघून थांबेपर्यंत तापवावा व आपोआप निवू द्यावा. असे पाच वेळा करावे. पुष्कळ जणांस धीर नसतो. ते एकदाच जाड तेल चोपडतात. तो थर चिकट राहतो, महिन्याभरात त्याचे पापुद्रे सुटतात आणि दोष मात्र जवसाला येतो. करडई किंवा शेंगदाण्याचे तेलही चालते, थोडे अधिक वेळा लावावे लागते एवढेच.

नव्याने मुरविलेल्या तव्यावर पहिले काही दिवस आयते, पोळ्या, भजी करावीत. अंबाडीची भाजी किंवा चिंचेचे सार नको, कारण आंबटाने ताजा थर उतरतो. पुढे तवा जुना झाला की आंबट भाजीही चालते आणि त्यात एक लाभही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभरांतील ५४ स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लोखंडी भांड्यात शिजविलेल्या अन्नात, विशेषतः आंबट व ओल्या पदार्थांत, लोह उतरते. इथिओपियात मुलांवर केलेला एक प्रयोग १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. लोखंडी भांड्यातले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यातले खाणाऱ्यांपेक्षा अधिक वाढले, असे त्यात दिसून आले. तथापि तवा म्हणजे औषध नव्हे. आपल्या विदर्भाच्या पूर्व भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. तो रक्तक्षय लोहाच्या अभावाने होत नाही, रक्तपेशींच्या आकारातील जन्मजात दोषाने होतो. त्यावर लोहाचा उपाय नाही, आणि काही रुग्णांच्या शरीरात लोह आधीच अधिक साठलेले असते. अशा घरांनी तपासणी करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आहे, तेव्हा तपासणी टाळण्यास कारण उरलेले नाही.

शेवटचा मुद्दा पिंपातल्या पाण्याचा, आणि तो मी मुद्दाम या गावी मांडतो आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी सात डोंगरांच्या कुशीत हा बांध घातला आणि लोकांनी त्यांस कोलासूर स्वामी म्हणून देवत्व दिले. आपले नाव ज्या पाण्याशी जोडलेले आहे त्या पाण्यात हे काळे, दाहक पाणी जाता कामा नये. तलावात नको, बोडीत नको, विहिरीजवळ नको, नहरात नको. वीस लिटर पाण्याने एवढा मोठा तलाव बिघडेल असे मी म्हणत नाही. पण पिंप तलावात रिकामे होत नाही, ते काठच्या एखाद्या डबक्यात रिकामे होते, आणि त्याच डबक्यात बेडूक, मासोळीची पिल्ले आणि चरावयास उतरलेले पक्षी असतात. महाराष्ट्रात सारस पक्षी आज मुख्यत्वे आपल्या गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे, तो अशाच उथळ पाण्यावर आणि धानाच्या बांध्यांवर जगतो.

तेव्हा काम संपल्यावर त्या थंड पाण्यात लिंबूसत्त्व थोडे थोडे घालून ढवळावे. अर्ध्या किलो ताज्या सोड्यास सुमारे ८०० ग्रॅम लागते. वापरलेल्या पाण्यास त्याहून कमी. एकदम ओतल्यास ते तापते, म्हणून सावकाश घालावे आणि यावेळीही मोजे व चष्मा उतरवू नये. शाळेत मिळणारा तांबडा लिटमस कागद बुडवून पाहावा. तो निळा होईनासा झाला म्हणजे क्षार मेला. मग त्यात भरपूर पाणी मिसळून घरच्या सांडपाण्याच्या शोषखड्ड्यात सोडावे. हा खर्च सोड्याच्या खर्चाहून अधिक आहे याची मला कल्पना आहे, आणि म्हणूनच पुढील सूचना करतो.

हे पिंप प्रत्येक घरी असण्याची काहीएक गरज नाही. तेच पाणी काळे झाले तरी अनेक तव्यांस पुरते. घरोघरी क्षार, घरोघरी लहान मुले आणि घरोघरी ते पाणी ओतून देण्याची घाई, यापेक्षा प्रत्येक गावात समाजाचे एकच पिंप असावे. ते एखाद्या जबाबदार गृहस्थाच्या वाडीत, कुलपाखाली असावे. मोजे, चष्मा व लिटमसची डबी तेथेच टांगलेली असावी. आणि तलावाच्या पाण्याच्या पाळ्या आपण जशा लावतो तशा तव्यांच्या पाळ्या लावाव्यात. तव्यावर घराचे नाव रंगाने लिहू नये, क्षार रंगही खातो. तारेला पत्र्याचा नंबर बांधावा. पत्रा लोखंडीच घ्यावा, जर्मनचा नको. फाल्गुन ते वैशाख हे महिने यासाठी उत्तम, उष्णता असते व शेतीची कामेही थोडी कमी असतात. खर्चाचा अंदाज मी कार्यकारिणीकडे लेखी दिलेला आहे, त्यावर आजच्या दुपारच्या बैठकीत विचार व्हावा.

मंडपाच्या डाव्या कोपऱ्यात, पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ, तीन तवे मांडून ठेवले आहेत. पहिला गोठ्यातून काढला तसाच आहे, दुसरा पिंपातून व चिंचेतून निघालेला, तिसरा जवसाचे तेल पाच वेळा दिलेला. दुसऱ्यास ओला हात लावू नये, गंज धरेल. तिसऱ्यावर आमच्या महिला मंडळाच्या भगिनी आता आयते घालणार आहेत, तरी सर्वांनी रांगेने यावे.